डिकीत साचणारे पाणी : शोध आणि दुरुस्ती

पुण्यात गाडीची डिकी गळत असेल, तर ते पहिल्या जोरदार पावसातच कळते. डार्मश्टाटमध्ये तसे होत नाही. इथला पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, ऑक्टोबरनंतर ओल सहसा वाळत नाही, आणि पाणी गालिच्याखाली, स्टेपनीच्या खळग्यात, महिनोन्महिने मुक्काम ठोकते. मालकाला ते कळते आडवाटेने : मागच्या काचेवर आतून धरलेले दव, जानेवारीत त्याच जागी बर्फाचा पातळ थर, वळणावर डचमळल्याचा आवाज, कुबट वास. काही गाड्यांची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटे डिकीतच असतात. तिथे ही ओल वासापुरती राहत नाही.

पाणी जिथे साचते तिथून ते शिरलेले क्वचितच असते. ते पत्र्याच्या घडीतून, वायरींच्या गुंडाळीवरून दूरवर ओघळत येते. सगळ्यांचा पहिला संशय डिकीच्या तोंडाभोवतीच्या रबरी पट्टीवर जातो. तो तपासणे सोपे आहे : कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करावी आणि कागद ओढावा, सहज निसटला, तर तिथे दाब अपुरा. टेललाइटमागचे गॅस्केट, तिसरा ब्रेकलाइट, छतावरील अँटेनाचे बूड आणि पत्र्याच्या सांध्यांतील तडकलेले सीलंट हे पुढचे संशयित. मागच्या बंपरआड दडलेल्या हवेच्या झडपा मात्र अनेकांना ठाऊकच नसतात. दार लावताना आतली हवा बाहेर जावी म्हणून त्या असतात. त्यांच्या कडेचे सील खराब झाले, की चाकांनी उडवलेले पाणी आत येते. अशी गाडी उभी असताना कोरडी आणि ओल्या ऑटोबानवर ओली होते.

सनरूफ असेल, तर त्याच्या मागच्या निचरा नळ्या पाहाव्यात. मार्टिन्सफिअर्टेलसारख्या भागात झाडांखाली, रस्त्यावरच गाडी ठेवणाऱ्यांच्या नळ्या पानांच्या चुऱ्याने बुजतात. त्या जाड नायलॉनच्या दोऱ्याने हलकेच मोकळ्या कराव्यात. हवेचा जोरदार झोत मारल्यास नळी सांध्यातून निसटते आणि गळती वाढते. हॅचबॅक व कोम्बी गाड्यांत पाण्याला साबणाचा वास असेल, तर पावसाला दोष देऊ नये : मागची काच धुणारी नळी बिजागरीजवळ तुटलेली असणार.

प्रत्यक्ष चाचणीला दोन माणसे लागतात. डिकी रिकामी करावी, आतील आच्छादने काढावीत, पत्रा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. एकाने मागचे आसन पाडून विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने साध्या नळीने खालून वर, एकेका जागी काही मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केली, तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. उच्च दाबाचा फवारा वापरू नये. तो धडधाकट सीलमधूनही पाणी आत घुसवतो. रस्त्यावर गाडी धुण्यास जर्मनीत अनेक नगरपालिकांची बंदी आहे, म्हणून हे काम स्वतः धुण्याच्या वॉशबॉक्समध्ये करणे बरे.

सापडलेले छिद्र स्नानगृहातील सिलिकोनने बुजवण्याचा मोह टाळावा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्या सिलिकोनमधले आम्ल पत्र्याला गंज चढवते. टेललाइटला नवे गॅस्केट किंवा ब्यूटिलची दोरी, सांध्याला वाहनांसाठीचे सीलंट, हेच योग्य. शाबूत रबर हिवाळ्यापूर्वी काळजीने चोळावे. इथली जुनी पिढी त्यासाठी हिर्शटाल्ग, म्हणजे हरणाची चरबी, वापरते. गालिच्याखालचा फोम मात्र बाहेर काढूनच वाळवावा; वरून कोरडा वाटणारा फोम खाली पाणी धरून असतो.

गाडी विक्रेत्याकडून अलीकडेच घेतली असेल, तर काहीही उघडण्याआधी छायाचित्रे काढून त्याला लेखी कळवावे. 1 जानेवारी 2022 पासूनच्या करारांत, ताबा मिळाल्यापासून वर्षभरात दिसलेला दोष मुळातच होता, असे ग्राहकाच्या बाजूने गृहीत धरले जाते. मात्र वयोमानाने झिजलेले रबर दोष ठरेलच असे नाही. खासगी विक्रीत जबाबदारी सहसा करारानेच वगळलेली असते, आणि विक्रेत्याने गळती जाणूनबुजून लपवली हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर येतो.