जमिनीखालच्या आगीचा श्वास

गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात बलोल आणि सांथल ही तेलक्षेत्रे आहेत. तिथले तेल सुमारे एक किलोमीटर खोल, वाळूच्या थरात अडकलेले. ते इतके दाट की भोवतीचे पाणी त्याला मागे टाकून आधी विहिरीत शिरते. १९९० साली ओएनजीसीने बलोलला या तेलालाच जमिनीच्या पोटात आग लावून पाहिली आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर हा उद्योग सुरू केला. एका विहिरीतून हवा दाबायची, तेलाचा थोडा भाग जळू द्यायचा आणि उष्णतेने पातळ झालेले बाकीचे तेल शेजारच्या विहिरींतून काढायचे.

कल्पना आपली नव्हे. सोव्हिएत संघात १९३० च्या दशकात असे प्रयोग झाले होते. रोमानियात सुप्लाकु दे बार्काऊ इथे १९६४ साली पेटवलेली आग तर पुढे कित्येक दशके चालू राहिली. मला मात्र या इतिहासात वेगळाच प्रश्न खुणावतो: ही आग पाहिली कोणी? तिथे डोळा पोहोचत नाही. मग जुने हकीम नाडीवर बोट ठेवून आतले हाल सांगायचे, तसे विहिरीतून येणाऱ्या वायूवरून ताडावे लागते.

हे तंत्र तेलवाल्यांनी कारखान्यांच्या धुराड्यांकडून उचलले. कोळसा नीट जळतो की वाया जातो, हे पाहायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्सा या फ्रेंच माणसाच्या नावाचे काचेचे उपकरण आले. धूर एकेका द्रावणातून न्यायचा. एक कार्बन डायऑक्साइड शोषते, दुसरे ऑक्सिजन, तिसरे कार्बन मोनॉक्साइड. उरतो तो नायट्रोजन. आता गॅस क्रोमॅटोग्राफ आला, पण हिशेब तोच राहिला.

या हिशेबात नायट्रोजन हा इमानी साक्षीदार. तो जळत नाही. हवेत त्याचे ७९ भाग असतील तर ऑक्सिजनचे २१, म्हणून बाहेर आलेल्या नायट्रोजनवरून आत किती ऑक्सिजन गेला ते कळते. समजा, नमुन्यात ८३ टक्के नायट्रोजन, १३ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १ टक्का ऑक्सिजन निघाला. म्हणजे आत गेला सुमारे २२ भाग ऑक्सिजन, आणि वायूंत सापडला साडेपंधरा. उरलेल्या साडेसहा भागांचे पाणी झाले असे धरले, तर जळालेल्या इंधनात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे १.६ अणू येतात. एक ते दोनच्या दरम्यानचा आकडा म्हणजे आग चांगली धगधगते आहे. तो तीनच्या वर गेला की समजावे, ऑक्सिजन तेल जाळण्याऐवजी तेलालाच चिकटतो आहे. तेल उलट आणखी घट्ट होते. हवा दाबण्याचा खर्च मात्र चालूच!

पैशाचे नुकसान एकवेळ भरून निघेल. आग विझली किंवा हवेने आडवाट धरली, तर न जळलेला ऑक्सिजन तेल काढायच्या विहिरीत पोहोचतो. तिथे तेलाची वाफ असतेच. एक ठिणगी पुरे. म्हणून ऑक्सिजनचा टक्का चढू लागला की ती विहीर बंद करतात, तिच्यातून कितीही तेल येत असो. त्यात कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. विहिरीच्या तोंडाशी नमुना घ्यायला जाणाऱ्या कामगाराला तो चाहूलही लागू देत नाही.

आणि एका बाटलीवर निकाल द्यायचा नसतो. कार्बन डायऑक्साइड खालच्या पाण्यात विरघळतो, मग आकडा फुगतो आणि चांगली आगही आजारी दिसते. त्यामुळे प्रत्येक विहिरीचे नमुने पुन्हा पुन्हा घ्यायचे, शेजारच्या विहिरींशी ताडून पाहायचे, आणि मगच हवा वाढवायची की कमी करायची ते ठरवायचे.