परावर्तित शक्तीवरचा आळ

अँटेना जुळली नाही की तिच्याकडून परत फिरलेली शक्ती ट्रान्समीटरचे फायनल, म्हणजे शेवटच्या टप्प्यातले अँप्लिफायर, जाळते, हे हौशी रेडिओत इतक्यांदा सांगितले गेले आहे की तो निसर्गनियमच वाटावा. माझ्या मते ही भीती एका तांत्रिक स्थित्यंतरातून जन्मली. १९३० च्या दशकातले अनेक हॅम (हौशी रेडिओचालक) उघड्या दोन तारांच्या लाइनने अँटेनाला शक्ती पुरवत. तिथे एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे बेमेळाचे माप) ५ किंवा १० असला तरी कुणाची झोप उडत नसे. तारांमधली हानी किरकोळ होती आणि एसडब्ल्यूआर दाखवणारा मीटर बहुतेकांकडे नव्हताच. त्याच दशकात रेडिओ अभियंते आर्थर कॉलिन्स यांनी पुढे आणलेले पाय-नेटवर्क हे जुळवणीचे सर्किट व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये पुढे रुळले. प्लेटचा कपॅसिटर फिरवून करंटचा काटा तळाला आणायचा, लोडचा कपॅसिटर थोडा उघडायचा की काटा वर चढे, मग पुन्हा प्लेट फिरवून त्याला खाली ओढायचे. या आलटापालटीत अँटेनाचा बराचसा बेमेळ निस्तरला जाई. चुकलेच तर प्लेट लालबुंद होऊन इशारा देई आणि चटकन प्रसारणाची कळ सोडली तर व्हॉल्व्ह सहसा वाचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोएक्स केबल सर्रास आली, १९५० च्या दशकात स्वस्त एसडब्ल्यूआर मीटर आले आणि आजवर न दिसलेला आकडा डोळ्यांसमोर नाचू लागला. तरी निर्णायक बदल झाला तो १९७० च्या दशकात, पूर्ण ट्रान्झिस्टरचे संच बाजारात आल्यावर. बँड बदलताना ट्यूनिंग नको म्हणून त्यांत ५० ओहमला बांधलेले ब्रॉडबँड ट्रान्सफॉर्मर आले. सोय मोठी होती, पण जुळवून घेण्याचे बटनच गेले. शेकडो व्होल्टवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी १३ व्होल्टच्या आसपास चालणारा, भरपूर करंट ओढणारा आणि क्षणात तापणारा इवलासा ट्रान्झिस्टर बसला. म्हणून एसडब्ल्यूआर साधारण २ च्या वर गेला की शक्ती आपोआप उतरवणारे संरक्षण उत्पादकांनी बसवले. ते पाहून लोकांनी गुन्हेगार ठरवला तो परावर्तित शक्तीला.

यावर कुणी म्हणेल, बेमेळ अँटेनावर ट्रान्झिस्टर खरोखरच जळत होते. जळत होते, यात शंका नाही. वाद कारणाचा आहे. एसडब्ल्यूआर २ असताना लोड २५ ओहमचा असू शकतो किंवा १०० ओहमचाही. दोन्हींत परावर्तित वाटा सारखाच, सुमारे ११ टक्के. परत आलेली शक्तीच जाळत असती तर दोन्हींत ट्रान्झिस्टर सारखाच तापला असता. तसे होत नाही. एकात करंट वाढतो, दुसऱ्यात व्होल्टेजचा ताण. केबलची लांबी बदलली तरी चित्र पालटते, कारण ट्रान्झिस्टरला दिसणारा इंपिडन्स बदलतो; एसडब्ल्यूआर मात्र जवळपास तोच राहतो. टायरॉस हवामान उपग्रहाच्या अँटेनावर काम केलेले आरसीए कंपनीचे अभियंते वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ मासिकातल्या लेखमालेत परावर्तनाबद्दलचे असे गैरसमज खोडून काढले. दुसरा आक्षेप केबलमधल्या हानीचा, आणि लांब केबल व उंच फ्रिक्वेन्सी असेल तर तो रास्त आहे. पण हानी केबलमध्ये होते, फायनलमध्ये नाही. तेव्हा मीटरचा काटा चढलेला दिसला की अँटेना कापायला घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: संचाला नेमका कोणता लोड दिसतो आहे आणि तुमची केबल किती शक्ती खाते आहे.