झअतर : कुंडीतल्या रोपाची साक्ष

आमच्या गॅलरीतल्या कुंडीत थाईमचे एक रोप आहे. पान चुरगळले की ओव्याचा वास येतो. त्यात नवल नाही, कारण दोन्हींत थायमॉल हे एकच द्रव्य असते. मराठीत त्याला ओव्याचे फूल म्हणतात, उर्दूत सत-ए-अजवायन. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्याकडचा ओवा जहाजांनी जर्मनीला जाई, तो या थायमॉलसाठीच.

अरबीत थाईम आणि तिच्या भाऊबंदांना मिळून झअतर म्हणतात. पॅलेस्टाईनच्या डोंगरउतारांवर उगवणारा झअतर शास्त्राच्या हिशेबाने ओरेगॅनोच्या जातकुळीतला, म्हणजे थाईमचा चुलतभाऊ. पाने वाळवून, चोळून त्यात तीळ, सुमाक आणि मीठ मिसळायचे. रोटीचा तुकडा आधी जैतुनाच्या तेलात आणि मग त्यात बुडवायचा. गरिबाच्या दस्तरखानावरही हा नाश्ता असतोच. परीक्षेला निघालेल्या मुलाला आई तो आवर्जून खाऊ घालते. त्याने स्मरणशक्ती वाढते अशी तिथली समजूत.

बेरूतजवळच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या एका छावणीचे नावच तल अल-झअतर, म्हणजे झअतरची टेकडी. लेबनॉनच्या यादवीत दीर्घ वेढ्यानंतर ऑगस्ट १९७६ मध्ये ती पडली आणि तिथे मोठी कत्तल झाली. महमूद दरवेश यांची ‘अहमद अल-झअतर’ ही कविता त्याच दुःखातून आली.

पुढच्याच वर्षी, १९७७ साली, इस्रायलने रानातला झअतर संरक्षित वनस्पती ठरवला. तो तोडणाऱ्याला दंड होऊ लागला, खटले चालले. कारण सांगितले गेले ते असे की अति तोडणीमुळे झाड नामशेष होईल. शेतात लावलेला झअतर मात्र विकायला मोकळीक होती. म्हणजे जे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर फुकट मिळत होते, ते विकत घेण्याची किंवा अंगणात लावण्याची वेळ आली. जुमाना मन्ना यांचा ‘फोरेजर्स’ हा २०२२ चा चित्रपट याच संघर्षावर आहे.

निसर्गरक्षणाची काळजी मुळातच खोटी, असे मी म्हणणार नाही. बाजारासाठी कोणी मुळासकट उपटू लागला तर कुठलेही झाड संपेल. पण ज्याने हे रोप घरी लावले आहे, त्याला दुसरी बाजूही कळते. कुंडीला भोक हवे, माती वाळूमिश्रित हवी, ऊन भरपूर आणि पाणी बेताचे. आपल्या पावसाळ्यात ती आडोशाला ठेवावी, नाहीतर मुळे कुजतात. आणि फुलोरा येण्याआधी कोवळे शेंडे खुडावेत, खालचे लाकडी खोड तसेच ठेवावे. खुडले की बगलेतून नवे फुटवे येतात आणि झाड दाट होते. न खुडलेले रोप काही वर्षांत काटकुळे होऊन बसते.

डोंगरावर जाणाऱ्या बायका आपणही असेच खुडतो, मूळ उपटत नाही, असे सांगत आल्या. ही माहिती कायदा करणाऱ्यांना त्यांच्याकडूनच मिळाली असती. त्यांना विचारण्याऐवजी त्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या.

अंगणातल्या झअतरने चव राखली, बीही राखले. पण वसंतात पोराबाळांसह डोंगरावर जाण्याचा तो दिवस कुंडीत लावता येत नाही.