राजगड ते तोरणा: एका डोंगरधारेचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे निघालेल्या एका सोंडेवर, म्हणजे मूळ डोंगरापासून लांबवर पसरत गेलेल्या अरुंद धारेवर, तोरणा आणि राजगड हे दोन किल्ले उभे आहेत. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंच असून राजगडाचा बालेकिल्ला त्याहून थोडाच कमी आहे. सरळ रेषेत मोजल्यास दोघांतील अंतर सात-आठ किलोमीटरच भरते, पण पायी जाणाऱ्याला धारेचे चढउतार आणि वळणे सोडता येत नसल्याने पहाटे राजगड सोडलेला माणूस तोरण्यावर पोहोचतो तो दुपार कलल्यावरच. आज ही वाट दमसासाची कसोटी म्हणून ओळखली जाते. तिचा इतिहास मात्र या दोन गडांच्या संयुक्त इतिहासाचाच भाग आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे.

तोरणा हा दोघांतील जुना गड. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर तो निजामशाहीकडे आणि पुढे आदिलशाहीकडे गेला, आणि सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेऊन त्याला प्रचंडगड असे नाव दिले. गडाची डागडुजी चालू असताना तेथे पुरलेले धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा किल्ला बांधण्यासाठी खर्ची पडले, अशी परंपरा आहे. धनाचा तपशील कोणी कितपत खरा मानावा हा भाग वेगळा, परंतु राजगडाची उभारणी तोरण्याच्या आधारावर झाली ही जाण त्या परंपरेने जपली आहे, आणि भूगोलाचा साक्षीपुरावा तिच्या बाजूचा आहे. धारेचे एक टोक हाती असल्याशिवाय दुसऱ्या टोकावर वर्षानुवर्षे चालणारे बांधकाम निर्धास्तपणे करणे अवघड होते.

राजगडाची रचना समजून घेताना माची या शब्दापाशी थांबावे लागते. डोंगराचा सर्वांत उंच आणि स्वतंत्र तटबंदीचा भाग तो बालेकिल्ला, आणि त्याच्या पायाशी पसरलेली, तट घालून सुरक्षित केलेली सपाटी किंवा सोंड ती माची. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. पद्मावतीवर तलाव, देऊळ, सदर आणि वस्ती होती, तर संजीवनी ही जवळजवळ सर्वस्वी युद्धासाठी घडवलेली माची आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते आणि तिचे बांधकाम चिलखती आहे, म्हणजे बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट उभारून दोहोंमध्ये अरुंद बोळ ठेवलेला आहे. बाहेरचा तट फोडून आत आलेला शत्रू त्या बोळात कोंडला जाऊन आतल्या तटावरून होणाऱ्या माऱ्याखाली सापडावा, हा त्यामागचा विचार. संजीवनीवरच्या अळू दरवाजातून आजचा प्रवासी बाहेर पडतो आणि तोरण्याकडे जाणाऱ्या धारेला लागतो. गडावरील सर्वांत कसोशीचे बांधकाम नेमके या बाजूला व्हावे, हा योगायोग मानता येत नाही. इतर बाजूंना कडे आणि दऱ्या गडाची राखण करीत होत्या. धारेवरून येणाऱ्याला मात्र निसर्गाची आडकाठी कमी होती.

दुर्गरचनेविषयीचा मराठ्यांचा विचार पुढे 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात लेखी आला. किल्ल्याजवळ त्याला जाच होईल असा दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंग लावून फोडावा आणि तसे करणे शक्य नसेल तर तोही बांधून मजबूत करावा; गडाला एकच दरवाजा नसावा; येण्याजाण्याच्या वाटा सुगम राहू देऊ नयेत आणि गडाभोवतीची झाडी राखावी, असे त्यात आग्रहाने सांगितले आहे. राजगड आणि तोरणा एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात नव्हते, म्हणून हा नियम येथे अक्षरशः लागू होत नाही. त्यामागची दृष्टी मात्र तीच दिसते. वाट पुसून टाकता येत नाही, तेव्हा तिची दोन्ही टोके ताब्यात ठेवावीत आणि मधल्या रानावर नजर असावी. गडांच्या पायथ्याशी असलेल्या घेऱ्यात, म्हणजे गडाभोवतीच्या राखीव पट्ट्यात, मेटे म्हणजे चौक्या असत आणि रामोशी, कोळी, महार अशा समाजांतील माणसे त्यांवर पहारा करीत. राजधानीचा डोलारा या माणसांच्या रात्रंदिवसाच्या जागरणावर उभा होता, आणि इतिहासग्रंथांनी त्यांना दिलेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने फारच अपुरी आहे.

सुमारे पाव शतक राजगड ही राजधानी होती. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आणि तोरणा हे दोन्ही होते. 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. त्यानंतर थोड्याच काळात राजधानी रायगडावर गेली, तरी ही जोडी दुर्लक्षित राहिली नाही. गडांच्या दुरुस्तीसाठी ठरवलेल्या रकमांत तोरण्यासाठी 5,000 होन, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, राखून ठेवल्याची नोंद आहे.

दोन गडांचे नाते सर्वांत स्पष्ट झाले ते औरंगजेबाच्या स्वारीत. 1703 च्या अखेरीस बादशहाने राजगडाला वेढा घातला आणि तो दोन महिन्यांहून अधिक काळ झुंजल्यावर फेब्रुवारी 1704 मध्ये मोगलांच्या हाती पडला. तेथून फौज तोरण्याकडे वळली आणि मार्चमध्ये मोगल सरदार अमानुल्लाखानाच्या माणसांनी रात्री कडा चढून तो गड घेतला. त्या काळात मराठ्यांचे अनेक किल्ले मोगलांनी पैसे देऊन मिळवले होते. तोरणा मात्र प्रत्यक्ष लढाईने घेतला गेला, आणि म्हणूनच कदाचित त्याला फुतूहुल्गैब, म्हणजे दैवी विजय, असे नाव देण्यात आले. राजगडासाठी महिने लागले आणि त्यानंतर तोरण्यासाठी दिवस पुरले. जोडीतला एक गड गेल्यावर दुसरा किती उघडा पडतो, हे या दोन वेढ्यांच्या कालावधीवरून दिसते. मराठ्यांनी हे गड काही वर्षांतच परत घेतले. पुढे ते भोरच्या पंतसचिवांकडे राहिले आणि 1948 मध्ये भोर संस्थान विलीन होईपर्यंत त्याच संस्थानात होते.

गडांचे लष्करी महत्त्व संपल्यावर धारेवरची वाट गुराख्यांची, धनगरांची आणि खोऱ्यांतील गावकऱ्यांची उरली. उत्तरेस कानंद आणि गुंजण, तर दक्षिणेस वेळवंडी ही खोरी, त्यांच्यामधून जाणारी ही धार भुतोंड्याच्या खिंडीत खाली उतरते आणि पुन्हा चढते. खिंडीतून आज वेल्हे आणि भुतोंडे यांना जोडणारा रस्ता गेला आहे. विसाव्या शतकात दुर्गभ्रमणाची आवड वाढली, गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने राजगडाविषयीचा जिव्हाळा घरोघर पोहोचवला, आणि कारवीच्या दाटीतून जाणारी ही धारवाट एका दिवसात पुरी करणे हा गिर्यारोहकांचा जणू परिपाठच झाला. पद्मावतीच्या देवळात मुक्काम, पहाटे संजीवनीवरून उतरण, मधल्या टप्प्यात पाण्याची चणचण, तोरण्याच्या बुधला माचीवर शेवटची खडी चढण आणि मेंगाईच्या देवळापाशी विसावा, असा हा क्रम ठरून गेला.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. यादीला मर्यादा असणारच; पण संजीवनी माचीचा चिलखती तट ज्या दिशेने येणाऱ्या शत्रूसाठी उभारला, ती दिशा समजायची असेल तर अळू दरवाजातून बाहेर पडून धारेने तोरण्यापर्यंत चालत जाणे आवश्यक आहे, आणि जतनाच्या योजनांनी दोन गडांबरोबर मधल्या धारेचाही विचार केला पाहिजे.