शिक्का म्हापशाचा, तिकीट भारताचं

आम्ही सावंतवाडीचे. माझी आत्या म्हापशाला दिलेली. १९५५ साली हद्द बंद झाली. तोवर तिच्या पत्रांवरची तिकिटं मी कोमट पाण्यात भिजवून सोडवायचो आणि पाकिटं बंबात जायची. आता त्या बंबाची आठवण झाली की पोटात कालवतं.

गोव्याचं स्वतःचं तिकीट निघालं १८७१ साली. पुढे किंमत टांगा-रुपयांत आली, १९५९ पासून एस्कुदोंत. पोर्तुगिजांनी हिंदुस्थानात बस्तान बसवल्याला साडेचारशे वर्षं झाली म्हणून १९५६ साली त्यांनी किल्ल्यांच्या नकाशांची तिकिटं काढली, त्यांत वसई आणि मुंबईसुद्धा! वसई चिमाजीअप्पांनी १७३९ सालीच घेतलेली, आणि मुंबई तर पोर्तुगिजांनीच इंग्रजांच्या राजाला आंदण दिलेली. कागदावर राज्य करायला काय लागतं?

१९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली. टपाल मात्र एका रात्रीत बदलत नाही. भारतीय तिकिटं २९ डिसेंबरला आली आणि जुनी ५ जानेवारीपर्यंत चालली. म्हणून त्या दिवसांतल्या काही पाकिटांवर दोन्ही देशांची तिकिटं शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

माझ्याकडे आहे ते आत्याचंच पाकीट. आजोबांच्या पोथीत खुणेला राहिलं म्हणून वाचलं. तिकीट पंधरा नव्या पैशांचं, भारताच्या नकाशाचं. त्यावर गोल शिक्का, म्हापशाचं नाव पोर्तुगीज वळणाचं, ‘सी’ला खाली शेपटी असलेलं. महिना जानेवारी, साल १९६२. तारीख मात्र शाईत बुडाली आहे. भिंगातून पाहिलं तर शिक्क्याची कड नेमकी कोकणपट्टीवरून गेलेली. आत काय, तर नारळ पाठवते, कुणी येणार असेल तर कळवा.

पोर्तुगालने त्यानंतरही या मुलखाच्या नावाने तिकिटं छापली. गोव्यातल्या एकाही पोस्टात ती विकली गेली नाहीत. दिसायला देखणी आहेत, पण माझ्या अल्बमात त्यांना जागा नाही. जे तिकीट टपालात फिरलंच नाही, ते माझ्या लेखी चित्र.

तुमच्या घरी गोव्याकडचे नातलग असतील, तर ट्रंका एकदा उघडून पाहा. त्या डिसेंबर-जानेवारीचं पाकीट सापडलं तर तिकीट सोडवू नका, कापूही नका. अख्खं पाकीटच ठेवा.