हरळी आणि लॉन

आमच्या लोणी काळभोरकडे हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. खोल नांगरायचं, काश्या वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, तरी ती पुन्हा हजर! गंमत म्हणजे गणपतीच्या दुर्वा त्या हिच्याच, आणि अमेरिकेत हीच 'बर्म्युडा ग्रास' म्हणून लॉनवर मिरवते.

लॉनचा शौक मात्र आला इंग्लंडहून. तिथली राय, फेस्क्यू ही थंडीतली गवतं; 15 ते 24 अंशांत जोमाने वाढणारी. 1830 साली एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि बड्यांच्या बागेतली हिरवळ हळूहळू साध्या घरांपुढेही आली. आपल्याकडे ही गवतं दिवाळीनंतर पेरली तर छान उगवतात, पण एप्रिलच्या उन्हात माना टाकतात. मग रोज पाणी.

ते पाणी कुठलं? खडकवासला धरण 1879 साली पुरं झालं, ते पुण्याची तहान आणि पूर्वेकडची कोरडी रानं भागवायला. आजही उजव्या कालव्याच्या आवर्तनाकडे इथली शेतं डोळे लावून असतात. असो. हिरवळ हवीच असेल तर हरळीच लावावी असं मला वाटतं. उन्हाळ्यात करपली तरी पहिल्या पावसात ती आपली आपण उठते.