अडीच कोसांची वाट

या लेखाचे कारण एक सहावीतला मुलगा आहे. गेली कित्येक वर्षे मी वर्गात सांगत आलो की, शिवाजी महाराजांचे स्वार सुरतेच्या वाटेवर जेथे घोडे बदलीत, ते बदलापूर. धडा रंगतो, मुले खूश होतात, मास्तरही खूश होतो. यंदा मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला माझ्या गुरुजींनी सांगितले होते, त्यांना त्यांच्या. उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कादंबरीत घोडे हवे तेथे बदलता येतात, इतिहासात येत नाहीत. शेवटी म्हणालो, "येत्या रविवारी आपण अंबरनाथहून बदलापूरला पायी जाऊ. वाटेत काय भेटते ते पाहू."

आगगाडीने हे अंतर दहा-बारा मिनिटांचे. पायी म्हणाल तर अडीच कोस. घरून दशम्या आणि लसणीची चटणी घेऊन अकरा मुले सकाळी शिवमंदिरापाशी जमली. वालधुनीच्या काठचे हे देऊळ काळ्या दगडाचे आहे. भिंतींवर मूर्तींची एवढी दाटी की, हात ठेवायला मोकळा दगड सापडू नये. देवाला भेटायचे तर वर चढायचे नाही, सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचे. शिखर माथ्याकडे उघडे आहे. उजेड थेट पिंडीवर येतो. बाराच्या बारा जण तिथे क्षणभर गप्प उभे राहिलो.

या देवळात एक शिलालेख आहे. कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणी राजाचे नाव त्यात आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि शके ७८२ असे साल लावले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ठरवले. आज तेच मानले जाते. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी धाकटे झाले! गंमत अशी की, भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले.

तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे शिष्यानं गुरूची चूक काढली?"

"काढली," मी म्हणालो, "आणि तरी गुरूचे नाव लहान झाले नाही." हे वाक्य मी त्याच्यासाठी बोललो की स्वतःच्या धीरासाठी, हे सांगणे कठीण आहे.

देऊळ मागे टाकून निघालो. एके काळी येथून पुढे भाताची खाचरे आणि बांधावरची पायवाट एवढेच होते. आता कारखान्यांच्या भिंती, इमारतींच्या रांगा आणि त्यांच्या फटीत उरलेले शेत. आश्विन सरत आला होता. जिथे भात होते तिथे ते पिवळे होऊन वाकले होते. उजव्या हाताला मलंगगडाची रांग सोबतीला होती, डाव्या हाताला लोहमार्ग. मुंबईहून ठाण्यापर्यंत गाडी आली १८५३ साली, कल्याणला १८५४ साली, आणि १८५६ मध्ये ती बदलापुरावरून घाटाच्या पायथ्याशी पळसदरीला पोचली. त्या दिवसापासून पायवाटेचे वाटसरू कमी होऊ लागले असावेत. तिकीट परवडेना त्यांनी ती राखली.

चिखलोलीच्या अलीकडे एक म्हातारे शेतकरी भारा बांधीत होते. वाट विचारली, तर त्यांनी विळ्यानेच दिशा दाखवली. वाट अशी वळसे घेत का जाते, असे मुलांनी विचारले. ते म्हणाले, पावसाळ्यात पाणी कुठवर येते हे जुन्या पायांना ठाऊक होते. वाट पाण्याला विचारून पडली आहे. मला २७ जुलै २०१९ आठवला. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. रुळांना वळसा घेता येत नाही.

दशम्या सोडल्या तेव्हा एक मुलगी बोलली. ती उल्हासनगरहून शाळेला येते. तिचे पणजोबा सिंधमधून आले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत निर्वासितांना ठेवले होते. त्याच छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. ती म्हणाली, "पणजोबा आपल्या गावची स्टेशनापासून घरापर्यंतची वाट रोज सांगायचे. आजोबांना ती पाठ होती. मलाही येते." आणि तिने सांगितली. कुठे वळायचे, विहीर कुठल्या हाताला, झाड कसले. त्या वाटेवर तिच्या घरातले कुणी पुन्हा चालले नव्हते. कुणीही तिला विचारले नाही की, हे कशावरून.

दुपारी कुळगावात शिरलो, रूळ ओलांडून जुन्या बदलापूर गावात गेलो आणि नदीकाठी बसलो. मग मी मुलांना कबूल केले. महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, हा इतिहास. १६६४ आणि १६७० साली सुरत लुटली, हाही इतिहास. या मुलखातून मराठ्यांचे घोडे दौडले, यात शंका नाही. पण ते येथेच बदलीत आणि म्हणून हे नाव पडले, ही दंतकथा आहे. मी ती इतकी वर्षे इतिहास म्हणून शिकवली.

मला वाटले होते, मुले हिरमुसतील. तो प्रश्न विचारणारा मुलगा वहीत काही लिहीत होता. मी डोकावलो. त्याने कथा खोडली नव्हती. 'येथे घोडे बदलीत' या वाक्यापुढे त्याने दोनच शब्द जोडले होते : 'असे म्हणतात'.

परतताना आम्ही गाडीने आलो. पाय दुखत होते. दिवाळीनंतर शाळा उघडेल तेव्हा तो धडा मी पुन्हा घेणार आहे, घोड्यांसकट, आणि त्या दोन शब्दांसकट.